अर्धा मिलिमीटर

नाना पेठेत माझ्या दुकानाला पाटी नाही.
पॅनेलवाला कुठे बसतो विचारा,
टायरवाला मान न वळवता हात दाखवेल.

वाघोल्यांची झेन आली तेव्हा
डॅशबोर्डच्या मधोमध भगदाड होतं,
तापवलेल्या सुरीनं कापलेलं,
कडा वितळून गाठाळलेल्या,
डावा कोपरा उजव्यापेक्षा चार सूत वर.
कुठल्या गाढवाचं काम हे, मी विचारलं.
कुमुदबाईंनी प्रश्न त्यांच्या कानाशी ओरडून पोचवला,
गाढव वगळून.
"माझंच," वाघोले म्हणाले.

भोसरीत एकतीस वर्षं फोर्जिंग.
दीड टनाचा हातोडा, तीन पाळ्या.
"कानात कापूस घालायचो की," ते म्हणाले,
"तोही कंपनीचाच, मशीन पुसायचा."

चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला.
भोकावर दाबून कडेनं पेन्सिल फिरवली,
कापला, लावला, पुन्हा कापला.
तीन पुठ्ठे वाया गेल्याशिवाय
गाडी आपलं खरं माप सांगत नाही.
सकाळचं एकशे ब्याऐंशी
दुपारच्या उन्हात साडेब्याऐंशी होतं.
म्हणून मी अर्धा मिलिमीटर सोडतो.
हे कुठल्या उस्तादानं शिकवलं नाही,
तडकलेल्या पॅनेलांनी शिकवलं.

प्लॅस्टिक लावू की पत्रा?
ते उठले, डिकी उघडली,
सागाची एक फळी काढून माझ्या मांडीवर ठेवली.
कसली, ते बोलले नाहीत,
मीही विचारलं नाही.

कानस लागली तसा वास सुटला,
तेलकट, जरा कडवट,
भवानी पेठेतलं अख्खं टिंबर मार्केट दुकानात.
रंधा मारत मारत चार मिलिमीटरवर आणली.
कोपरे रुपयाच्या नाण्यावर गोल केले.
पाठीमागून चारी कडांना फोमची पट्टी.
माझ्या पॅनेलला खडखड नसते.
कात्रज उतरा, खंबाटकी चढा,
खडखड झाली तर पैसे परत,
असं पाटीवर लिहिलं असतं,
पाटी असती तर.

स्टिरिओ बसवला. फटीत नख जाईना.
गाणं लावलं, इतकं मोठं
की कुमुदबाई दोन पावलं मागं सरल्या
आणि टायरवाल्यानं पहिल्यांदा मान वळवली.
वाघोल्यांनी तळहात सागावर ठेवला.
ताप बघतात तसा थोडा सरकवला.
उचलला. पुन्हा ठेवला.
"मुकं आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, वायर सुटली.
"वायर नाही हो," बाई हळूच म्हणाल्या,
हळू बोलायची तशी गरज नव्हती.
"घरी फ्रिजला हात लावून बसतात.
मिक्सर चालला की ओट्याला.
तेवढंच पोचतं त्यांच्यापर्यंत."

मी पेचकस घेतला. चार स्क्रू.
एवढ्या निगुतीनं लावलेला फोम
नखानं खरवडून काढला,
चिकट उरलं ते पेट्रोलनं पुसलं.
एक चार इंची स्पीकर
फळीच्या पाठीला टेकवून आवळला.
अख्ख्या धंद्यात मी खडखड घालवत आलो,
आता ती किती ठेवायची, कळेना.
अर्धा पीळ सैल, पाव पीळ घट्ट,
पुन्हा अर्धा.

हात सागावर.
"ढोलकी," वाघोले म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं,
"आता बाई गातेय."
गात होता पुरुष.
मी तोंड उघडलं,
कुमुदबाईंनी डोळ्यांनीच ते बंद केलं.

बिलात फोमचे साठ लिहिले होते, खोडले.
गाडी बाईच चालवतात.
क्वार्टर गेटचा सिग्नल लागेपर्यंत दिसत होतं,
डावीकडे बसलेला माणूस,
पुढं केलेला हात.

मागे एक स्विफ्टवाला हॉर्न देत उभा.
पॅनेल खडखडतंय, फोम मारून द्या.
म्हटलं, मारतो.
थांब, आधी जरा हात लावून बघू दे.